जंजिऱ्याची पायरी आणि कडेवरचं मूल

27 जानेवारी 2024. शनिवार, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेली सुट्टी. पुण्याहून पहाटे पाचला निघालेली गाडी ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिघीच्या जेट्टीवर पोचली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. गाडीत आई, बाबा, आजी, सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. ताम्हिणीच्या वळणांवर मुलाला दोनदा उलटी झालेली, मुलगी भुकेनं किरकिरत होती आणि डिकीत घडी घातलेली बाबागाडी होती. दुपारी जंजिरा, संध्याकाळी दिवेआगरची वाळू, रविवारी सकाळी हरिहरेश्वर, परतताना श्रीवर्धन, असा बेत कागदावर तासांसकट लिहून आणलेला होता.

ती आई म्हणजे प्रस्तुत लेखिका. बेत तिनंच आखला होता. त्यात काय चुकलं ते इथे सांगायचं आहे, लहान मुलं घेऊन याच वाटेनं जाणाऱ्या घरांसाठी.

राजपुरीची खाडी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर दिघी आणि उत्तर काठावर आगरदांडा. या दोन काठांमध्ये गाड्या वाहून नेणारी फेरीबोट चालते. खाडीच्या तोंडाशी, चारी बाजूंनी पाण्यात, जंजिरा किल्ला. मुरुडकडून येणारे पलीकडच्या राजपुरी गावातून होडीत बसतात. श्रीवर्धन-दिवेआगर करणाऱ्यांना दिघी सोयीची, पण इथून पाण्यावरचा पल्ला राजपुरीपेक्षा मोठा. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही. रिकाम्या पोटी, उलटीनं गळून गेलेल्या मुलाला तो फार लांब वाटतो.

सुट्टीची गर्दी होती. रांगेत तासभर उन्हात उभं राहून होडीत बसेपर्यंत एक वाजत आला. बसताना प्रत्येकाच्या हातात लाइफ जॅकेट आलं. सगळी एकाच मापाची, मोठ्या माणसांची. तीन वर्षांच्या मुलीला ते चढवलं तर तिची हनुवटी आत गेली आणि बाहेर फक्त डोळे राहिले. पट्टा ओढून ओढून शेवटच्या भोकापर्यंत नेला, तरी मध्ये आईचा अख्खा हात जात होता. जॅकेट खांद्यांपाशी धरून वर उचललं, तसं ते मुलीच्या कानांवरून निसटून आईच्या हातात आलं. मूल पाण्यात पडलं असतं तर नेमकं हेच झालं असतं. होडी तोवर सुटली होती.

ही परीक्षा घरीच करून बघता येते. जॅकेट घालून सगळे पट्टे बांधायचे, खांद्यांपाशी धरून वर ओढायचं. हनुवटी आणि कान झाकले जात असतील तर ते माप त्या मुलाचं नाही. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून येणारा एक पट्टा असतो, तो असलाच पाहिजे. मुलाच्या वजनाप्रमाणे असं जॅकेट विकत मिळतं, आणि प्रवासात ते स्वतःचं न्यावं हा या लेखातला पहिला आग्रह. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. त्यात गेलेल्यांत लहान मूलही होतं. जॅकेट बाकाखाली असून उपयोगाचं नसतं, अंगावर असावं लागतं, आणि अंगावर बसेल असं असावं लागतं.

जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे, अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. शत्रूच्या तोफांना तो सापडू नये म्हणून केलेली ही रचना. तेव्हा होडी थेट दरवाजाच्या पायऱ्यांना लागे. त्या दिवशी खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. पाणी वरपर्यंत चढलेलं, दुपारचा वारा सुटलेला, होडी हातभर वर जाई आणि हातभर खाली येई. खलाशानं एक पाय पायरीवर आणि एक होडीच्या काठावर रोवला आणि हात पुढे केले. ‘‘ताई, पोर द्या इकडं. होडी वर आली की द्या. खाली गेली की थांबा, घाई नको.’’ आईनं मुलगी सोडली. मधल्या फटीत पाणी आपटत होतं. मुलगी पलीकडच्या हातात पोचली. पाठोपाठ मुलानं न सांगता पाय टाकला, नेमकी होडी खाली गेली आणि त्याची चप्पल त्या फटीत गेली. बाबांनी दंड धरला होता म्हणून फक्त चप्पलच गेली. आजी होडीतच थांबल्या.

हे सगळं टाळता आलं असतं, तेही भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून. कोकणात भरतीचा एक साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणलं की साधारण भर भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळानं दुसरी भरती, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते. 27 जानेवारीला कृष्ण द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. पौर्णिमा दोनच दिवसांपूर्वी झालेली, म्हणजे भरती उधाणाची. आमची होडी दीडच्या सुमारास पायरीला लागली होती. सगळ्या दिवसातली सर्वांत वाईट वेळ आम्ही निवडली होती, आणि ती दिवेआगरच्या ज्या काकूंकडे रात्री उतरलो त्यांनी जेवण वाढता वाढता, बोटांवर मोजून सांगितली.

काकूंचं म्हणणं असं: पोरं असतील तर अष्टमीच्या आगेमागे या. तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतर कमी. आणि सकाळी लवकर जा, कारण दुपारनंतर वारा उठतो. ऊन चढून जमीन तापली की समुद्रावरून वारा आत येतो, ही तर शाळेत शिकलेली गोष्ट. पण बेत आखताना ती कुणाला आठवते? हिशेब ढोबळ आहे, म्हणून निघण्याआधी जेट्टीवर विचारून खात्री करावीच. पावसाळ्यात किल्ला बंद असतो, तेव्हा तो विचारच नको.

किल्ल्यात साधारण पाऊण तास मिळतो, मग तीच होडी परत नेते. त्या पाऊण तासातला पाव तास मुलीला शूला नेण्यात गेला. स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नये, होडीत बसण्याआधीच ते उरकावं. बाबागाडी होडीतून वर चढवली होती. पायऱ्या आणि पडक्या चौथऱ्यांच्या त्या बेटावर ती बाबांच्या खांद्यावरच फिरली. उतारावर वसलेल्या किंवा पाण्यात उभ्या जुन्या ठिकाणांचं सगळीकडे असंच असतं. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, तिथेही तान्ह्या मुलांचे आईबाप गाडी सोडून पाठीला बांधायची झोळी वापरतात. जंजिऱ्याला झोळीच न्यावी. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पायरीवर दोन्ही हात लागतात.

तटावर मुलाचा हात क्षणभरही सोडू नये. बुरुजांवर तोफांसाठी ठेवलेल्या खिडक्या नेमक्या पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीच्या आहेत, आणि पलीकडे खाली समुद्र. कलालबांगडी तोफेवर चढायला सगळीच मुलं धावतात. त्या दिवशी आमचा मुलगाही धावला, एका पायात चप्पल नसताना.

संध्याकाळी दिवेआगरला मुलांनी पाण्यात जायचा हट्ट धरला. त्यांना घोट्यापलीकडे जाऊ दिलं नाही, आणि त्याला कारण आहे. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजातली मुलं होती. सपाट, शांत दिसणारी ही वाळू फसवी असते. गावात विचारल्याशिवाय आणि ओहोटी लागलेली असताना मुलांना पाण्यात सोडू नये. हरिहरेश्वर आणि श्रीवर्धन बेतातून काढून टाकलं. रविवारी मुलं दुपारपर्यंत वाळूत खड्डे खणत होती, आणि त्या सगळ्या सहलीतला तोच त्यांचा आवडता वेळ ठरला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आदल्या रात्री दिवेआगरला मुक्काम, मधल्या वारी, अष्टमीच्या आसपास. मुलांची दोन जॅकेटं बरोबर, पायात घट्ट पट्ट्यांच्या चपला, पोटात मऊभात. पहिल्या दिवशी किल्ला नाहीच. आधी फेरीबोटीतून आगरदांड्याला जाऊन परत आलो. थोड्या पैशांत मुलांना पाण्याची आणि इंजिनाच्या आवाजाची सवय झाली.

सकाळी नऊला होडी पायरीला लागली तेव्हा खालच्या पायऱ्या उघड्या होत्या. त्यांवर शेवाळ होतं, म्हणून पाय जपून टाकावे लागले, पण होडी जवळजवळ स्थिर होती. आजीही उतरल्या. दरवाजाशी पंजांखाली हत्ती दाबून धरलेला वाघ कोरलेला आहे, गेल्या खेपेला तो कुणाला दिसलाही नव्हता. मुलगी बराच वेळ बघत राहिली. ‘‘आई, वाघ एवढा मोठा होता का हत्ती एवढे छोटे?’’

संपूर्ण किल्ला बघायचा आग्रह या वेळी धरला नाही. दरवाजा, एक तोफ आणि गोड्या पाण्याचं एक तळं, एवढंच. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कसं, या एका प्रश्नावर मुलानं आजीला दहा मिनिटं थांबवून ठेवलं. मग तळ्याच्या काठी बसून आजींनी त्याला लाय पाटलांची गोष्ट सांगितली. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही, सिद्दींचं संस्थान 1948 पर्यंत टिकलं. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये राजपुरीहून दगड टाकून समुद्रात वाट बांधायला घेतली होती. त्याच्याही आधी, शिवाजी महाराजांच्या काळात, लाय पाटील नावाच्या कोळ्यानं रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागची फौज वेळेवर पोचली नाही. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यावर राहणारा मी, पालखी काय करू, असं तो म्हणाला. तेव्हा त्याच्यासाठी एक गलबत बांधवून त्याचं नावच ‘पालखी’ ठेवलं, असं सांगतात.

परतीच्या होडीत मुलगा आईच्या मांडीवर बसून तटाकडे बघत होता. होडी बुरुजाखालून वळली तेव्हा त्यानं विचारलं, लाय पाटलांनी शिड्या लावल्या तेव्हा भरती होती की ओहोटी. खलाशी हसला आणि म्हणाला, ‘‘तिथी सांग, मग सांगतो.’’