फॉरमॅट मारण्याआधी थांबा! विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स घरीच दुरुस्त करा



महिन्याची १९ तारीख. उद्या जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख आणि नेमका आजच घरचा कॉम्प्युटर रुसलाय. स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज उघडून लगेच बंद होतात, मधेच निळी स्क्रीन येते. दुरुस्तीवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं, "फॉरमॅट मारावं लागेल."

सुरुवातीच्या काळात मीही असाच "मारा" म्हणून मोकळा झालो. कॉम्प्युटर चकाचक झाला, पण दोन वर्षांची बिलं गेली. चूक माझीच, बॅकअप नव्हता. म्हणून आजचा धडा.

आधी समजून घ्या

अपडेट चालू असताना लाइट गेली, हार्ड डिस्क खराब होत आली किंवा व्हायरस शिरला की विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स बिघडू शकतात. विंडोजला एक दुकान समजा. रोज वापरातल्या फाइल्स म्हणजे शेल्फवरचा माल. त्यांच्या चांगल्या प्रती विंडोज आतच साठवून ठेवतं, ते गोदाम. 'एसएफसी' शेल्फ तपासतं आणि खराब वस्तू गोदामातून बदलतं. पण गोदामातलाच माल खराब असेल तर? तिथे 'डिझम' लागतं. ते मायक्रोसॉफ्टकडून चांगल्या फाइल्स मागवतं. म्हणून विंडोज १० आणि ११ मध्ये आधी डिझम, मग एसएफसी.

पायरी १ : बॅकअप

बिलं, ग्राहकांची यादी, फोटो पेनड्राइव्हवर घ्या. टॅलीचा डेटा सहसा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, तेव्हा टॅलीतल्याच बॅकअप पर्यायाने घ्या. ही पायरी गाळायची नाही!

पायरी २ : काळी खिडकी उघडा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'रन न्यू टास्क' निवडा (विंडोज १० मध्ये ते 'फाइल' मेनूत आहे). चौकटीत सी-एम-डी टाइप करा, खालच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या चौकोनावर टिक करा आणि ओके.

पायरी ३ : डिझम

इंटरनेट चालू हवं, लॅपटॉप चार्जिंगला हवा. इंग्रजी अक्षरांत एका ओळीत टाइप करा: डिझम (डी-आय-एस-एम), स्पेस, /ऑनलाइन, स्पेस, /क्लीनअप-इमेज, स्पेस, /रिस्टोअरहेल्थ. शेवटचे दोन शब्द जोडूनच लिहायचे. एंटर दाबा. मधेच एखाद्या टक्क्यावर बराच वेळ अडकल्यासारखं दिसेल. घाबरू नका, खिडकी बंद करू नका.

पायरी ४ : एसएफसी

आता एस-एफ-सी, स्पेस, /स्कॅननाऊ (जोडून). १०० टक्के होऊ द्या. शेवटी यातला एक निकाल दिसेल:

- काहीच बिघाड नाही: मग दोष एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये असू शकतो.
- बिघाड सापडला आणि दुरुस्त झाला: रीस्टार्ट करा.
- बिघाड सापडला, पण काही फाइल्स दुरुस्त झाल्या नाहीत: रीस्टार्ट करून पायरी ३ आणि ४ पुन्हा करा.

तरीही जमलं नाही तर?

'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' हा पर्याय आहे. तुमच्या फाइल्स राहतात, पण टॅलीसारखी नंतर टाकलेली सॉफ्टवेअर्स उडतात, हे लक्षात असू द्या. आणि दुरुस्तीनंतर काही दिवसांत तोच त्रास परत आला, तर डिस्क तपासून घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कवर कितीही दुरुस्ती करा, टिकत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे जायला कमीपणा नाही. पण जाताना दोन वाक्यं आधी बोला: "डिझम आणि एसएफसी करून झालंय. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका."

कॉम्प्युटर बाजारात नवा मिळतो, ग्राहकांची यादी मिळत नाही. म्हणून आजचा गृहपाठ एकच: हे वाचून झालं की पेनड्राइव्ह लावा आणि पायरी १ आत्ताच करा. कॉम्प्युटर ठणठणीत असला तरीही!

भेटू पुढच्या धड्यात.