आधी पाण्याची वाट, मग जागा

वाईजवळचं आमचं घर जुनं, दगड-मातीचं. अशा घरांत संडास परसाच्या टोकाला असतो, तसाच आमचाही होता. रात्री उठावं लागू नये म्हणून आई संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही, हे कळलं तेव्हा घरातच कमोड आणि लहानसं बेसिन बसवायचं ठरवलं. जिन्याखाली चार बाय पाच फुटांची जागा रिकामी दिसली आणि आम्ही लगेच काम सुरू केलं. चूक तिथेच झाली.

जिन्यापासून परसातलं चेंबर तीस फूट लांब. मैल्याच्या चार इंची पाइपला चाळीस फुटांमागे एक फूट ढाळ धरावा. तीस फुटांना नऊ इंच. चेंबर उथळ असल्यामुळे आम्हाला मिळाला जेमतेम पाच इंच, शिवाय वाटेत दोन काटकोनी वळणं. "चालून जाईल, दादा," असं गवंडी म्हणाला आणि मी मान डोलावली.

पहिल्याच पावसाळ्यात कमोड तुंबला. व्हेंट पाइप घेतला नव्हता, त्यामुळे फ्लश केला की नहाणी ट्रॅप गुडगुडायचा, त्यातलं पाणी ओढलं जायचं आणि घरभर वास सुटायचा. भिंतीत घातलेल्या नळाचा सांधाही झिरपत होता. पोपडे काढले, तर दगडांमधली माती बोटाने निघून येत होती. "मला सवय आहे रे," म्हणत आई पुन्हा बॅटरी घेऊन परसात जाऊ लागली.

शेवटी ते सगळं काढलं आणि मागच्या पडवीत नव्याने बांधलं. तिथून चेंबर आठ फुटांवर, पाइप सरळ, ढाळ अडीच इंच. आता आईच्या उशाशी रात्री तांब्या भरलेला असतो.

तुम्ही असं काम काढणार असाल, तर आधी चेंबरचं झाकण उघडून त्याची खोली मोजा. पाणी भरलेल्या नळीने लेव्हल घ्या आणि ढाळ बसेल तिथेच जागा ठरवा. व्हेंट पाइप छपराच्या वर न्या. मातीच्या भिंतीत नळ गाडू नका, बाहेरून न्या. वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा, पाइपातही बादल्या ओतून पाहा. फरशी त्यानंतरच बसवा. दार बाहेर उघडणारं ठेवा, म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडणार नाही. आधाराचा दांडा कुठे हवा, हे ज्यांच्यासाठी बांधताय त्यांनाच कमोडवर बसवून विचारा आणि त्यांचा हात जिथे जाईल तिथे खूण करा.