फडाची शिकवण : कॉलनीचं काम हाती घेणाऱ्या भाच्याला आत्याचे कानमंत्र

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, धुळ्यात देवपूरच्या आमच्या कॉलनीने मला सचिव केलं. आता सुरुवात कुठून करू?" हे फोनवर सांगून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. इथे जळगावात, मेहरूणच्या बाजूला, आमच्या कॉलनीत मी अकरा वर्षं हेच काम केलं. पण जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तुझ्या आजोबांचं, अण्णांचं आहे.

अण्णा साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी फडाचे पाटकरी होते, हे तुला ऐकून माहीत असेल. फड म्हणजे काय ते मात्र नीट समजून घे. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन-चार मोठ्या भागांत वाटलेली. तो एकेक भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. उसाचा फड असेल तर त्यात सगळ्यांचा ऊस. आणि खरी गोम अशी, की बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं की एक फड कोरडा ठेवायचा. मग सगळ्यांचंच थोडं थोडं जातं, कोणा एकट्याचं वाटोळं होत नाही. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पीक राखायचा, हवालदार दोघांवर नजर ठेवायचा. हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस यायचा. तीन-चारशे वर्षं हे असं चाललं, ते लोकांनी आपसात ठरवून.

अण्णा म्हणायचे, "ज्याचा तुकडा फडात नाही, त्याला पाण्याचा कळवळा नाही." हे एक वाक्य धरून ठेव. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी गल्ल्या फिर, मग बैठक बोलाव

पहिली बैठक घेण्याआधी कॉलनी दोनदा चाल. एकदा पहाटे नळाच्या वेळी, एकदा रात्री नऊनंतर. पहाटे कळतं शेवटच्या नळाला पाणी कधी पोचतं, रात्री कळतं कुठले दिवे बंद आहेत. वहीत खांबाचे नंबर लिही, चेंबरचं झाकण कुठे फुटलंय ते लिही, पावसाचं पाणी कुठे तुंबतं ते लिही. मग घरोघर जा. "तक्रार काय?" असं विचारू नकोस. तसं विचारलं की माणूस शेजाऱ्याबद्दल बोलायला लागतो. "पाणी तुमच्याकडे किती वेळ येतं, किती जोराने येतं?" एवढंच विचार. कामाचं विचारलं की कामाचं उत्तर मिळतं.

घर प्रत्येक फडात बसव

आमच्याकडे पहिल्या वर्षी मी एक चूक केली. पहिल्या गल्लीला झाडं दिली, दुसरीला कचरा, तिसरीला दिवे. सहा महिन्यांत कोमेजलेल्या रोपाशेजारून माणसं जात आणि म्हणत, "ते पहिल्या गल्लीचं काम." तेव्हा अण्णांचं वाक्य आठवलं. मग पाणी, कचरा, झाडं, दिवे-रस्ते असे चार फड केले. प्रत्येक फडात प्रत्येक गल्लीतलं एक घर आणि दर सहा महिन्यांनी अदलाबदल. ज्याने एक उन्हाळा रोपांना बादल्या घातल्या, तो पुन्हा कधी रोपावर गाडी चढवत नाही.

भाडेकरूंना विसरू नकोस. घर त्यांचं नसलं तरी नळ, दिवा, घंटागाडी त्यांचीही आहे. पैसे देणं जमत नसेल त्याच्याकडून वेळ घे, वेळ नसेल त्याच्याकडून बादलीभर पाणी घे. रिकाम्या हाताने मात्र कोणाला सोडू नकोस.

बैठक लहान, पण लिहून घेतलेली

दिवस आणि वेळ कायमची ठरव. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा 45 च्या आसपास जातो. जमीन जरा निवली की, म्हणजे रात्री नऊला, बैठक ठेव. पाण्याचा वार मात्र टाळ, नाहीतर बायका येणार नाहीत. आणि ज्या भल्या पहाटे नळाशी उभ्या असतात त्यांच्याशिवाय पाण्यावर काय बोलणार? कोणाच्या बंगल्यात बसू नका, ओपन स्पेसमध्ये सतरंजी टाका. विषय तीन, वेळ एक तास.

लिहून घेणारा मात्र पक्का हवा. तुमच्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. ते टिपण झालं म्हणून 'गीता प्रवचने' आज घरोघरी आहे. आपल्या बैठकीत गीता नसते, पण "अमुक काम अमुक जण अमुक तारखेपर्यंत करेल" एवढं तरी असतंच. तेच लिही आणि पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी तेच वाचून दाखव. त्याने कोणाला ओरडावं लागत नाही.

हिशेब फळ्यावर, खातं दोन सह्यांचं

दहा रुपये घेतले तरी पावती फाड. बँकेत खातं काढ, त्यावर दोघांच्या सह्या ठेव, आणि ते दोघे एका घरातले नसावेत. महिन्याचा जमाखर्च फळ्यावर खडूने लिही. मंडळ नोंदलेलं असेल तर दरवर्षी हिशेब तपासून घे. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दे, लोक त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. हा कंटाळा केलेली कितीतरी मंडळं पुढे अडतात, कारण कागदावर अजून जुनीच माणसं असतात. नोंदणी नसताना गणपतीची वर्गणी काढायची असेल तर त्याच कार्यालयाची तात्पुरती परवानगी आधी घे.

वर्गणी न देणाऱ्याचं नाव फळ्यावर किंवा ग्रुपवर कधी टाकू नकोस. एकदा नाव लागलं की पैसे कदाचित येतात, माणूस मात्र जातो.

एक अर्ज, एक काम

महापालिकेला अर्ज देताना पाणी, गटार, दिवे आणि कुत्री एकाच कागदावर घालू नकोस. असा अर्ज चार टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही. प्रत्येक कामाला वेगळा अर्ज कर. त्यात जागा नेमकी सांग, खांबाचा नंबर, खड्ड्याची लांबी-रुंदी, फोटो जोड. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. आठवड्याने कनिष्ठ अभियंत्याला भेट, पोच हातात घेऊन. आवाज चढवू नकोस, तारीख विचार.

काम अडलंच तर पुढचे रस्ते आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. माहितीचा अधिकार आहे. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, 150 शब्दांत, एकाच विषयावर विचारायचं. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर अपील. "रस्ता का केला नाही?" असं विचारलं तर हाती काही लागत नाही. "या रस्त्याच्या कामाच्या आदेशाची आणि मोजमाप वहीची प्रत द्या" असं मागितलं की कागद मिळतो, आणि कागद मिळाला की पुढचं बोलता येतं.

आणि काम झालं की आभाराचं पत्र दे. मी दर वेळी देत आले. खांबावर चढून दिवा लावणाऱ्या माणसाचं कौतुक कोणी लिहून करत नाही. ते पत्र तो जपून ठेवतो.

पाणी शेवटच्या घरापासून मोज

कॉलनीतलं सगळ्यात कडू भांडण नळाला थेट मोटार लावण्यावरून होतं. वरच्या घरांनी मोटारी लावल्या की शेवटच्या घरात नळ नुसता हवा सोडतो. आम्ही बैठकीत ठरवलं, की पाणी आल्यावर पहिला अर्धा तास कोणाचीच मोटार लागणार नाही. शेवटच्या दोन घरांचे पिंप भरले की मगच बाकीच्यांनी आपापलं बघायचं. पहिल्या महिन्यात कुरबुर झाली. मग मी वरच्या घरांतल्या चौघींना पहाटे शेवटच्या घरी चहाला घेऊन गेले. त्यांनी तो नळ स्वतः पाहिला, आणि नंतर नियम सांगावा लागला नाही.

पावसाचं पाणीही सोडू नकोस. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की साधारण 93 लिटर पाणी होतं. 25 मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत दोन हजार लिटरच्या वर. ते गटारात सोडून आपण मे महिन्यात टँकर मागवतो. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वाहू दे, गच्ची धुऊन निघते. नंतरचं दगड, खडी, वाळूच्या खड्ड्यातून गाळून बोअरजवळ जिरव. तुझ्याच जिल्ह्यात शिरपूरला नाले खोल-रुंद करून विहिरींना पाणी आणलं, ते एकदा बघून ये. शेताला जे लागू पडतं ते कॉलनीलाही पडतं: वरचं जिरलं तर खालचं वर येतं.

झाड लावणं एका दिवसाचं, जगवणं तीन उन्हाळ्यांचं

पहिल्या वर्षी आम्ही हौसेने शंभर रोपं लावली. फोटो काढले, पेढे वाटले. पुढच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत, म्हणजे आपल्या आखाजीपर्यंत, मोजकीच उरली होती. आखाजीला माहेरी आलेल्या पोरींना झोका बांधायला झाड हवं, आणि आमच्याकडे वाळलेल्या काड्या. ते अजून मनाला लागून आहे.

म्हणून सांगते, जितक्या घरांनी पाण्याची जबाबदारी घेतली तितकीच रोपं लाव. वीस जगली तर कॉलनी बदलते. खड्डे मे महिन्यातच खोदून उन्हात तापू दे, मातीतली कीड मरते. रोप मात्र दुसऱ्या-तिसऱ्या चांगल्या पावसानंतर लाव, पहिल्या पावसाच्या भरवशावर नको. कडुनिंब, करंज, उंबर, पिंपळ ही आपल्या उन्हाची झाडं आहेत. वड-पिंपळ भिंतीपासून आणि गटारापासून लांब लाव. आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन कर, त्याने पाणी टिकतं. वाळलेली पानं जाळणाऱ्याला प्रेमाने थांबव आणि तीच पानं त्याला आळ्यात टाकायला लाव. स्वयंपाकघरातला ओला कचराही खड्ड्यात मुरव, म्हणजे घंटागाडीत सुकाच जाईल.

झाड तोडायचं असेल तर अंगणातलं असलं तरी महापालिकेची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे. हे घरोघर सांगून ठेव. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी जंगल राखलं, चोरून तोडणाऱ्याला दंड लावला. त्या गावच्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, पण राखण सगळ्या गावाने केली. तिथली वनभाज्यांची पंगत म्हणजे त्या राखणीचं फळ आहे.

ओपन स्पेसचा कागद आधी, बाक नंतर

नगररचना विभागातून मंजूर ले-आउटच्या नकाशाची प्रत आण. मोकळी जागा कुठून कुठपर्यंत ते मोजून घे, कडेने झाडं लाव. मोकळी जागा मोकळीच दिसली की कोणी तिथे विटा टाकतो, कोणी गाडी लावतो, आणि चार वर्षांनी तो हक्क सांगायला लागतो. परवानगीशिवाय स्वतःही तिथे पक्कं काही बांधू नकोस, देऊळसुद्धा नको. आपणच नियम मोडला तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

भांडण दारात मिटव, मोबाइलवर नको

ग्रुपवर पाण्याची वेळ, बैठकीची तारीख आणि दुःखाची बातमी, एवढंच असू दे. कोणी रागाने लिहिलं तर तिथे उत्तर देऊ नकोस. चपला घाल आणि त्याच्या घरी जा. पाणी पी, मग विषय काढ. अण्णा पाटावरून भांडणाऱ्यांना आधी पाटाच्या तोंडाशी नेत. वाहतं पाणी समोर असलं की माणूस खोटं कमी बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

खुर्ची भरलेली असतानाच सोड

दोन-तीन वर्षांनी काम दुसऱ्याच्या हाती दे, आणि तो कोण हे पहिल्या वर्षापासूनच बघत राहा. तुमच्या धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा 1893 पासून आहे. 1926 च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे गेले, तेव्हा लोकांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं, म्हणून त्यांचे कागद वाचले. मागे राखणारे असले की माणूस गेला तरी काम राहतं.

अण्णांनी पाटकरीपण सोडलं तेव्हा मी दहा-बारा वर्षांची होते. नव्या पाटकऱ्याला घेऊन ते बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत सगळा पाट चालले. मी मागे होते. खेकडे कुठे भोकं पाडतात, काठ कुठे खचतो, कुठल्या वळणावर पाणी अडतं, सगळं हाताने दाखवत गेले. शेवटच्या शेताशी आल्यावर फावडं पाण्यात धुतलं आणि त्याच्या हातात दिलं.

वही, पावतीपुस्तक आणि पोचपावत्यांची फाइल जेव्हा तू पुढच्याला देशील, तेव्हा त्याला घेऊन सगळ्या गल्ल्या एकदा चाल. पहाटे एकदा, रात्री एकदा.

तुझी आत्या