एका लहानशा छिद्राची गोष्ट

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे एक गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर शेख फरीद या सत्पुरुषाचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांचे लोक तेथे श्रद्धेने जातात. या टेकडीवर लहानमोठे वाटोळे दगड विखुरलेले आढळतात. ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या खडकातील पोकळ्यांत खनिजे साचून असे गोळे तयार होतात, असे भूशास्त्र सांगते. लोककथा मात्र निराळी आहे. काही व्यापारी आपला माल घेऊन या वाटेने चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली, आणि पाहता पाहता त्यांच्या सर्व मालाचे दगड झाले. सकाळी ज्या वस्तूला बाजारात मोल होते, तिला संध्याकाळी कोणी विचारीना, असे त्या कथेचे तात्पर्य.

कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी चांगली वस्तू एकाएकी निरुपयोगी होण्याचा अनुभव आजच्या माणसालाही येतो. याच गावातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. त्या घरातील वृद्ध आबाजी रात्रीची जेवणे आटोपली की अंगणात बाजेवर बसतात. आपल्या जुन्या, बटणांच्या मोबाइलला ते इअरफोनची तार जोडतात आणि रेडिओ ऐकतात. बातम्या, हवामान आणि शेतीचा सल्ला ऐकल्यावाचून त्यांना झोप येत नाही. आवाज केवळ त्यांच्याच कानात राहत असल्यामुळे घरातील कोणाची झोपमोडही होत नाही.

एके दिवशी त्या मोबाइलची बॅटरी दम धरीनाशी झाली. तेव्हा मुलाने हिंगणघाटच्या बाजारातून वडिलांसाठी मोठ्या हौसेने नवा स्मार्टफोन आणला. त्याचा पडदा आरशासारखा लखलखीत होता. रात्री आबाजींनी नेहमीची तार हाती घेतली आणि नव्या फोनच्या चारही कडा बोटांनी चाचपून पाहिल्या.

“पोरी, ही पिन खुपसायची कोठे?” त्यांनी सातवीत शिकणाऱ्या नातीला विचारले.

नातीने फोन उलटसुलट करून पाहिला. “आबाजी, याला तारेचे छिद्रच नाही. चार्जिंगची जागा तेवढी आहे.”

“कारखानदार विसरला की काय?”

“विसरला नाही. आता पुष्कळ फोनमधून ते मुद्दामच काढून टाकतात.”

“चांगली चालणारी सोय मुद्दाम कशाला काढायची?” आबाजी म्हणाले, आणि त्यांनी तार गुंडाळून उशाशी ठेवली.

आबाजींचा हा साधा प्रश्न जगातील लक्षावधी लोकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी त्या छिद्राचा इतिहास जाणून घेणे इष्ट होईल.

या छिद्राला जॅक असे म्हणतात. त्याचे घराणे फार जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोनचा प्रसार होऊ लागला. मुंबईत १८८२ मध्ये टेलिफोनची कचेरी सुरू झाली. त्या काळी यंत्राने आपोआप फोन जोडला जात नसे. टेलिफोनच्या कचेरीत एक मोठा फळा असे. पुढे अशा फळ्यांवर ग्राहकांसाठी छिद्रांच्या ओळी केलेल्या असत. फळ्यापुढे बसलेली व्यक्ती एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या छिद्रात घाली, आणि दोघांचे बोलणे सुरू होई. त्या तारेच्या टोकाला पाव इंच, म्हणजे सुमारे ६.३५ मिलिमीटर जाडीची पिन असे. वीज गिटारीसारख्या वाद्यांत त्या मापाची पिन अजूनही वापरली जाते.

पुढे लहान ट्रान्झिस्टर रेडिओ आले, तेव्हा या पिनेचे लहान रूप आले. तिची जाडी ३.५ मिलिमीटर होती. १९७९ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन नावाचे खिशात मावणारे यंत्र विक्रीस आणले, आणि ही छोटी पिन जगभर घरोघरी पोहोचली. रेडिओ असो, संगणक असो की मोबाइल असो, एकाची तार दुसऱ्याला चालू लागली. यात्रेतील दुकानातून घेतलेला स्वस्त इअरफोन आणि परदेशातून आलेला महागडा फोन यांचे सहज जुळू लागले. हे माप कोणा एकाच्या मालकीचे उरले नव्हते. गावच्या सार्वजनिक विहिरीसारखे ते सर्वांचे झाले होते.

या पिनेचे कार्य कसे चालते, तेही पाहण्यासारखे आहे. पिनेवर काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांमुळे धातूचे निरनिराळे भाग एकमेकांपासून अलग राहतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा आवाज नेतो आणि त्यानंतरचा भाग उजव्या कानाचा. आणखी एक भाग दोघांना सामाईक असतो. बोलण्याचीही सोय असेल, तर चौथा भाग असतो. फोनमध्ये गाणे आकड्यांच्या रूपाने साठवलेले असते. त्या आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर होते. त्या लहरी तारेतून इअरफोनमध्ये जातात, तेथील पातळ पडदा थरथरतो, आणि आपल्याला गाणे ऐकू येते. इअरफोनला लागणारी अल्पशी वीज फोनच पुरवतो. म्हणून साध्या इअरफोनला बॅटरी लागत नाही.

७ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेतील ॲपल कंपनीने आपला आयफोन ७ जगापुढे मांडला. त्यात हा जॅक नव्हता. काही कंपन्यांनी त्याआधीही असा प्रयोग केला होता. परंतु ॲपलसारख्या मोठ्या कंपनीने हे पाऊल उचलताच जगभर वाद माजला. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी या निर्णयामागे धैर्य आहे असे सांगितले, तेव्हा अनेकांना हसू आले, तर अनेकांना रागही आला.

जॅक काढणाऱ्यांचे म्हणणे असे होते. फोनच्या आत तसूतसू जागा मोलाची असते. जॅक बाहेरून लहान दिसला, तरी आत तो बराच खोल जातो. तेवढी जागा मोकळी झाली, तर तेथे दुसरे भाग बसवता येतात. छिद्र कमी असले की पाणी आणि धूळ आत शिरण्याच्या वाटाही कमी होतात. शिवाय ब्लूटूथ नावाच्या रेडिओलहरींच्या साहाय्याने तारेवाचूनही आवाज पाठवता येतो. मग तारेच्या गुंत्यात कशाला अडकावे? या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. धावणाऱ्या माणसाला किंवा दोन्ही हातांनी काम करणाऱ्या कारागिराला बिनतारी इअरफोन सोयीचा वाटतो. काही श्रवणयंत्रेही आता याच रीतीने फोनशी जोडता येतात. कमी ऐकू येणाऱ्यांना ही मोठीच सोय झाली आहे.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच विचार करण्याजोगे होते. पाण्यापासून रक्षण करण्यासाठी जॅक काढलाच पाहिजे असे नव्हते. त्याच वर्षी आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस ७ या फोनमध्ये जॅकही होता आणि पाण्यापासून संरक्षणही होते. दुसरे असे की, बिनतारी इअरफोनमध्ये स्वतःची बॅटरी लागते. ती रोज भरावी लागते आणि काही वर्षांनी ती क्षीण होते. पुष्कळ इअरफोन असे घट्ट चिकटवलेले असतात, की बॅटरी बदलणे जवळजवळ अशक्य होते. मग चांगला चालणारा इअरफोन केवळ बॅटरीपायी टाकून द्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत् कचरा निर्माण झाला, आणि त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाही कचरा रीतसर गोळा करून पुन्हा वापरात आणला गेला नाही.

जुनी तार नव्या फोनला जोडण्यासाठी कंपनीने एक छोटी जोडतार फोनसोबत दिली होती. परंतु २०१८ पासून ती वेगळी विकत घ्यावी लागू लागली. जोडतार चार्जिंगच्या जागीच बसत असल्यामुळे एकाच वेळी फोन चार्ज करणे आणि गाणे ऐकणे कठीण झाले. ज्या दिवशी कंपनीने जॅक काढला, त्याच दिवशी तिने स्वतःचे बिनतारी इअरफोनही जाहीर केले होते. तेव्हा ही ग्राहकाची सोय की विक्रेत्याची, असा प्रश्न लोकांनी विचारला. इतर कंपन्यांनी आरंभी जॅक असल्याचा अभिमान मिरवला. परंतु गूगलने २०१७ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये आपल्या महागड्या फोनांतून तो काढला. सोनीने मात्र २०१८ मध्ये काढलेला जॅक २०२० मध्ये आपल्या प्रमुख फोनमध्ये परत आणला. आपल्या देशात पुष्कळ स्वस्त फोनांत तो अजूनही आढळतो.

आबाजींची अडचण या साऱ्याहून थोडी निराळी होती. रेडिओच्या लहरी पकडण्यासाठी ॲन्टेना लागते. एफ. एम. रेडिओच्या एका लहरीची लांबी सुमारे तीन मीटर असते. ती पकडण्यास साधारण एक मीटरची तार चांगली उपयोगी पडते, आणि इअरफोनची तार जवळजवळ तेवढीच असते. म्हणजे जी तार आबाजींच्या कानात आवाज नेत होती, तीच आकाशातून लहरीही वेचीत होती! तार जोडली नाही, तर बहुतेक फोनांमधील रेडिओ मुका राहतो. बिनतारी इअरफोन कितीही महाग असला, तरी तो हे दुसरे काम करू शकत नाही.

रेडिओ ऐकण्यास इंटरनेट लागत नाही आणि त्यासाठी पैसेही पडत नाहीत. पूर किंवा वादळ येऊन मोबाइलचे जाळे बंद पडले, तरी दूरच्या केंद्रावरील सूचना रेडिओवर ऐकता येते. म्हणूनच भारत सरकारने २०२३ मध्ये फोन तयार करणाऱ्यांना सूचना केली, की ज्या फोनमध्ये रेडिओची सोय आहे, त्यातील ती बंद ठेवू नये. गरीब माणसाला आणि संकटाच्या वेळी सर्वांनाच रेडिओचा आधार असतो, हे त्यामागील कारण होते.

मग सर्वांचे माप कधी बदलूच नये काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. आपल्या देशानेही एक फार मोठे माप बदलले आहे. पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. १ एप्रिल १९५७ पासून एका रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. हा बदल लहान नव्हता. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईपासून मोठ्या पेढीपर्यंत सर्वांचा हिशेब बदलणार होता. परंतु जुनी नाणी एका रात्रीत कवडीमोल झाली नाहीत. काही वर्षे जुनी आणि नवी नाणी एकत्रच चालली. आणे आणि नवे पैसे यांची कोष्टके लोकांच्या हाती दिली गेली. १९६४ मध्ये ‘नवा’ हा शब्दही गळून पडला आणि फक्त पैसा उरला. बदल झाला, पण मोट सांभाळून झाला. ज्यांच्या कनवटीला जुनी नाणी होती, त्यांचाही विचार करण्यात आला.

समाज आपले माप विचारपूर्वक ठरवू शकतो, याचे ताजे उदाहरण युरोपातील आहे. तेथे २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना एकाच प्रकारचे चार्जिंगचे छिद्र असावे, असा नियम लागू झाला. प्रत्येक कंपनीची चार्जिंगची तार वेगळी असल्यामुळे होणारा खर्च आणि कचरा कमी व्हावा, हा त्याचा हेतू. एका छिद्राचा निर्णय कंपन्यांनी आपापला घेतला, तर दुसऱ्या छिद्राचा निर्णय लोकांच्या प्रतिनिधींनी कायद्याने घेतला. सर्वांच्या वापरातील वस्तू बदलताना कोणाला विचारावे, हाच या वादातील खरा प्रश्न आहे.

गिरडच्या त्या घरात हा प्रश्न नातीने आपल्यापुरता सोडवला. तिने जुना मोबाइल उघडून पाहिला. त्यात फक्त बॅटरीच खराब झाली होती आणि ती हाताने काढता येत होती. पुढच्या बाजारच्या दिवशी वडिलांनी नवी बॅटरी आणून दिली. नवा फोन घरात सर्वांच्या उपयोगी पडला. त्यावर नातीचे दूरच्या मामाशी बोलणे होऊ लागले, आणि बोलणाऱ्याचा चेहराही दिसू लागला. नव्या वस्तूविषयी कोणाचीच तक्रार उरली नाही. फक्त वडिलांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. यापुढे कोणतीही वस्तू घेताना, ती वापरणाऱ्या माणसाला तिच्यात काय हवे आहे, हे आधी त्यालाच विचारायचे.

त्या रात्री आबाजी पुन्हा बाजेवर बसले. त्यांनी उशाशी ठेवलेली तार उलगडली आणि पिन जुन्या मोबाइलच्या छिद्रात घातली. क्षणभर खरखर झाली. मग निवेदकाचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. उद्या पावसाची शक्यता होती. आबाजींनी नातीला हाक मारली आणि अंगणात वाळत घातलेली तुरीची डाळ आत घ्यायला सांगितली.

अभ्यास

१. गिरडच्या टेकडीवरील दगडांविषयीची लोककथा या पाठाच्या आरंभी का सांगितली असावी?
२. जॅक काढण्याच्या बाजूची दोन आणि विरोधी बाजूची दोन कारणे आपल्या शब्दांत लिहा.
३. इअरफोनची तार आबाजींची कोणती दोन कामे करीत होती?
४. १९५७ मधील नाण्यांचा बदल आणि २०१६ मधील जॅकचा बदल यांत कोणता फरक दिसतो?
५. आपल्या घरातील केवळ एक भाग बिघडल्यामुळे पडून राहिलेल्या वस्तूंची यादी करा. त्यांपैकी कोणती वस्तू दुरुस्त होऊ शकेल, ते मोठ्यांना विचारून लिहा.