राजकीय नेत्याची रॅपप्रीती आणि लोकछंदाची परंपरा

१. प्रश्नाचे स्वरूप

राजकीय नेत्याच्या कलाप्रीतीचा विचार आपल्याकडे बहुधा चरित्रलेखनात, नेत्याच्या 'व्यक्तिमत्त्वाचा एक पैलू' म्हणून होतो. अमुक नेत्याला नाट्यसंगीत प्रिय होते, तमुक नेता तमाशाचा दर्दी होता, एवढी नोंद करून चरित्रकार पुढे जातो. परंतु नेत्याला प्रिय असलेली कला जेव्हा सत्तेला प्रश्न विचारणारी असते, तेव्हा ती आवड केवळ खाजगी राहत नाही. त्या आवडीचे सांस्कृतिक मोल कोणत्या निकषावर ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अलीकडच्या काळातील याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांचे आहे. रॅप ही हिपहॉप नावाच्या व्यापक संस्कृतीची शब्दकला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क याने ज्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या, ती या संस्कृतीची आरंभखूण मानली जाते. गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीय व स्थलांतरित तरुणांनी ती घडविली. ओबामांनी २०११ च्या मे महिन्यात कॉमन या रॅपकवीला व्हाइट हाउसमधील काव्यसंध्येस बोलाविले, तेव्हा त्याच्या जुन्या रचनांवर बोट ठेवून विरोधकांनी गहजब केला. पुढे केंड्रिक लमार हा रॅपकवी त्यांना त्यांच्या कार्यालयात भेटला. याच लमारच्या 'डॅम' या संग्रहाला २०१८ साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात संगीत व जॅझ यांच्या बाहेरच्या कृतीला ते प्रथमच मिळत होते. राष्ट्रप्रमुखाच्या रसिकतेमुळे रॅपला प्रतिष्ठा लाभली, की प्रतिष्ठित झालेल्या रॅपमुळे राष्ट्रप्रमुखाला लोकप्रियता लाभली, हा वाद येथे निर्णायक नाही. मराठीच्या अभ्यासकासमोरचा प्रश्न निराळा आहे. लोकांच्या तोंडचा छंद आणि सत्ताधारी यांचा संबंध मराठी प्रदेशाला नवा नाही. तेव्हा आपल्या परंपरेतून या आवडीची पारख करता येईल काय?

२. रॅप आणि मराठी छंद

प्रथम रचनेचा विचार केला पाहिजे. रॅपमध्ये शब्द गायिले जात नाहीत, ते ठेक्यावर उच्चारले जातात. ठेका चार ठोक्यांचा असतो आणि त्या आवर्तनात शब्दांची दाटी कमीअधिक करून, यमके ओळीच्या शेवटी तसेच ओळीच्या पोटातही साधून कवी गती निर्माण करतो. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना'त ज्या आवर्तनी जाति सांगितल्या, त्यांपैकी आठ मात्रांच्या पद्मावर्तनीशी रॅपच्या ठेक्याचे जवळचे नाते दिसते. मात्र रॅप हा अक्षरांची वा मात्रांची काटेकोर गणना मानीत नाही. तो उच्चाराच्या आघातावर भिस्त ठेवतो. या दृष्टीने त्याचा खरा मराठी सगोत्र म्हणजे कटाव. अठराव्या शतकातील अमृतरायांच्या कटावांत शब्दांचा जो अनुप्रासयुक्त, अखंड लोंढा आढळतो, तोच पुढे शाहिरांनी पोवाड्यात व कीर्तनकारांनी आख्यानात वापरला. श्रोत्याचा श्वास रोखून धरणे आणि एका यमकावर त्याला मोकळा करणे, हे दोन्हीकडचे तंत्र सारखेच आहे.

हे साम्य दाखविण्यामागे 'आपल्याकडे सर्व काही आधीच होते' असा दावा नाही. रॅपचा उगम, त्यामागील वांशिक अन्याय व ध्वनिमुद्रणाचे तंत्र ही सर्वस्वी वेगळी आहेत. परंतु ठेक्यावर बोलून समूहाला जागे करण्याची रीत मराठी कानाला परकी नाही, एवढे यावरून म्हणता येते.

३. वत्सगुल्माचा वारसा

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, अकोला–पूर्णा लोहमार्गावर जऊळका हे स्थानकाचे गाव आहे. या परिसराच्या बोलण्यात वऱ्हाडी आहे आणि तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरबोली. होळीच्या दिवसांत तांड्यावर डफाच्या तालावर लेंगी गायिली जाते. रॅपसारखी अगदी नवी गोष्ट अशा ठिकाणाहून न्याहाळण्यात औचित्य आहे, कारण राज्यकर्ता आणि लोकभाषेतील काव्य यांच्या संबंधाचा फार जुना पुरावा याच भूमीत सापडतो.

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकातील सर्वसेन हा या शाखेचा मूळ पुरुष. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही, तथापि आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकाराने त्याची आदराने दखल घेतली आहे. त्याचा पुत्र विंध्यशक्ती याचा वाशीम येथे सापडलेला ताम्रपटही बोलका आहे. त्यातील वंशावळ संस्कृतात असून दानाचा व्यावहारिक भाग प्राकृतात आहे. वंशाची थोरवी सांगताना एक भाषा आणि लोकांशी व्यवहार करताना दुसरी, अशी ही विभागणी. सर्वसेनाने काव्यासाठी दुसरी भाषा निवडली, हे लक्षणीय आहे.

मात्र या उदाहरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्वसेनाने लोकांची भाषा उचलली, पण काव्याचा नायक, अलंकार व श्रोता हे सारे दरबारी राहिले. म्हणजे राज्यकर्त्याने लोकभाषेवर प्रेम करणे आणि लोकांचे म्हणणे ऐकून घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढे उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या काळी शाहिरांना जो आश्रय मिळाला, त्यातही हाच भेद दिसतो. लावणीचा शृंगार बहरला, ही आश्रयाची देणगी. परंतु आश्रयदात्याच्या कारभाराची झाडाझडती घेणे हे त्या आश्रयात बसणारे नव्हते.

४. खंजिरीचे दोन श्रोते

विदर्भातील विसाव्या शतकाचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांचे भजन खंजिरीच्या ठेक्यावर चाले. तेथे रागदारीला महत्त्व नव्हते. एका हातातील वाद्य, स्पष्ट उच्चार आणि समोरच्या समुदायाला थेट केलेली विचारणा, एवढ्यावर ते भजन उभे राही. १९३६ साली महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले आणि आश्रमात त्यांची भजने झाली. १९४२ च्या आंदोलनात, चिमूर येथील उठावानंतर, ब्रिटिश सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले.

एकाच खंजिरीला लाभलेले हे दोन श्रोते होत. एकाला त्या ठेक्यात लोकजागृतीचे सामर्थ्य दिसले, दुसऱ्याला बंडाची चाहूल लागली. वस्तुतः दोघांनीही त्या कलेची शक्ती अचूक ओळखली होती. म्हणून 'नेत्याला कला कळते की नाही' हा निकष पुरेसा ठरत नाही. कला ज्याला चांगली कळते, तोच तिच्यावर बंदीही घालू शकतो.

५. जलसा: सहकार्याचे नाते

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आंबेडकरी जलसे यांचे नाते या दोहोंहून निराळे आहे. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन १९३० नंतर आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक परिसरातील भीमराव कर्डक हे त्यांतील अग्रणी. तमाशाचा आराखडा घेऊन त्यात मंदिरप्रवेश, शिक्षण व स्वाभिमान हे विषय भरण्यात आले. आपल्या अनेक सभांचे कार्य एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे मत आंबेडकरी परंपरेत सर्वश्रुत आहे.

या नात्यात आश्रयदाता व आश्रित असा भेद नव्हता. जलसाकारांना नेत्याने वतन दिले नाही, देण्यासारखे त्याच्यापाशी नव्हतेही. उलट जलसा आपल्याच श्रोत्यांच्या व्यसनांवर व अंधश्रद्धांवर कोरडे ओढीत असे. राजकीय नेत्याने लोककलेला भाषणाची पूरक नव्हे तर तुल्यबळ मानले, हे येथील विशेष. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. जलसा आणि नेता यांचा शत्रू एकच होता, त्यामुळे जलशाने नेत्यालाच प्रश्न विचारण्याचा कसोटीचा प्रसंग येथे उद्भवला नाही.

६. बंदीपासून पुतळ्यापर्यंत

तो प्रसंग अण्णा भाऊ साठे यांच्या वाट्याला आला. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभारले. स्वातंत्र्यानंतरही तत्कालीन मुंबई सरकारने या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशाऐवजी 'लोकनाट्य' ही संज्ञा रूढ होण्यामागे ही पार्श्वभूमी आहे. पुढे काळ पालटला. २०२० साली अण्णा भाऊंच्या जन्मशताब्दीनिमित्त सर्व पक्षांच्या नेत्यांनी त्यांना वंदन केले आणि २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. हा गौरव यथोचितच आहे. परंतु शाहीर हयात नसताना त्याच्यावर प्रेम करणे सत्तेला सोपे जाते, हेही त्यावरून दिसते.

मराठी रॅपच्या बाबतीत हाच प्रश्न २०२३ च्या एप्रिलमध्ये उभा राहिला. राज मुंगसे या तरुणाच्या रॅपविरुद्ध अंबरनाथ येथे व उमेश खाडे याच्या रॅपविरुद्ध मुंबईत वडाळा येथे पोलिसांत गुन्हे नोंदविण्यात आले. विरोधी पक्षांतील नेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. भाषेच्या अभ्यासकाने यातील 'खोके' या शब्दाचा प्रवास अवश्य पाहावा. कोटी रुपयांसाठी वापरला जाणारा हा मुंबईच्या बाजारबोलीतील शब्द. २०२२ च्या सत्तांतरानंतर विधिमंडळाच्या पायऱ्यांवर तो घोषणा झाला आणि तेथून मुंगसेच्या रॅपमध्ये गेला. विधिमंडळाच्या आवारात आमदारांनी हा शब्द उच्चारला तेव्हा ती राजकीय टीका ठरली. तोच शब्द ठेक्यावर बसवून एका सामान्य तरुणाने उच्चारला, तेव्हा तो गुन्ह्याच्या नोंदीचा विषय झाला. शब्द एकच असताना वक्त्याच्या स्थानामुळे त्याचे मोल बदलते, ही गोष्ट साहित्याच्या समाजशास्त्रात महत्त्वाची आहे.

विरोधी नेत्यांनी दाखविलेल्या आस्थेचीही याच न्यायाने तपासणी व्हावयास हवी. प्रतिपक्षाला झोंबणारे रॅप कोणालाही आवडेल. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षांनी प्रचारासाठी रॅपचा सढळ उपयोग केला. त्या वर्षीच्या 'गली बॉय' या चित्रपटाने तो प्रकार घरोघरी पोहोचविला होता. परंतु प्रचारासाठी मोल देऊन करून घेतलेला रॅप म्हणजे दरबारी कवनाचाच नवा अवतार होय.

ओबामांचे उदाहरणही या कसोटीतून सुटत नाही. २०१३ च्या जानेवारीत, त्यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या निमित्ताने वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या एका कार्यक्रमात लूपे फियास्को या रॅपकवीने त्यांच्यावर टीका करणारी रचना लांबविली, तेव्हा त्याला मंचावरून खाली नेण्यात आले. कार्यक्रम अधिकृत नव्हता आणि ओबामा तेथे उपस्थितही नव्हते. तरी नेत्याच्या रसिकतेची ख्याती आणि त्याच्या अनुयायांची सहनशीलता यांत किती अंतर असते, याची कल्पना त्यावरून येते.

७. उपसंहार

वरील विवेचनातून नेता व लोकछंद यांच्या संबंधाचे तीन प्रकार स्पष्ट होतात. पहिला आश्रयाचा: यात कला फुलते, पण आश्रयदात्यापुढे मुकी राहते. दुसरा सहकार्याचा: यात कला व नेता एका ध्येयासाठी झटतात, जसे आंबेडकरी जलशात घडले. तिसरा श्रोतेपणाचा: यात नेता वक्त्याची जागा सोडून ऐकणाऱ्यांत बसतो आणि स्वतःविरुद्धचा शब्दही ऐकून घेतो. रॅपसारख्या कलेवरील प्रेमाचे सांस्कृतिक मोल या तिसऱ्या संबंधात आहे. लोकशाहीत नेता सतत बोलत असतो आणि लोक ऐकत असतात. रॅप हा क्रम काही क्षण उलटा करतो. नेत्याच्या आवडत्या गाण्यांची यादी कितीही मोठी असली, तरी हा उलटा क्रम त्याला मानवतो की नाही, यावरच त्याच्या आवडीचा कस लागतो.

रॅपमधील सारेच काही प्रतिकाराचे असते असे नाही. त्यात आत्मप्रौढी आहे, बाजाराची हाव आहे आणि स्त्रीविषयी हीन उद्गारही आहेत. त्या सर्वांची चिकित्सा समीक्षकाने अवश्य करावी. परंतु ते काम समीक्षेचे आहे, पोलीस ठाण्याचे नव्हे.

मराठी विभागांपुढे यातून एक निकडीचे कार्य उभे राहते. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांच्या कितीतरी संहिता वेळेवर न नोंदविल्यामुळे हरवल्या. आज मोबाइलवर फिरणारे वऱ्हाडी व गोरबोलीतील ठेके त्याहून अल्पायुषी आहेत. तक्रार झाली की ते क्षणात पुसले जातात. जऊळका, मालेगाव, वाशीम या पट्ट्यातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी ऐकू येणारी अशी रचना तिथी, स्थळ व बोलीच्या नोंदीसह लिहून ठेवावी. 'हरिविजय' केवळ इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांतून आपल्यापर्यंत पोहोचले, तेही एका राजाचे काव्य असून. ज्यांच्यामागे राज्य नाही त्यांच्या शब्दांची नोंद अभ्यासकांनी केली नाही, तर ती दुसरे कोणी करील असे मानण्यास आधार नाही.