हवा गेली तर काय?

आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं फारसं पटत नाही. संपादकांनी तपासलंय, तरी काही राहिलं असेल तर पोटात घाला. विषय मात्र मनापासून अभ्यासलाय.

या अभ्यासाची सुरुवात एका मूर्खपणाने झाली. मागच्या वर्षी हॉस्टेलच्या आम्ही चौघांनी एका मित्राच्या घरची जुनी गाडी 'लो' करायचं ठरवलं. ग्राइंडर घेतला आणि पुढच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगचे दीड-दीड वेढे कापून टाकले. गाडी खाली बसली, आम्ही फोटो काढले, कॅन्टीनमध्ये चहा झाला. तिसऱ्या दिवशी एका मोठ्या स्पीडब्रेकरवर चाक क्षणभर लोंबकळलं, आखूड स्प्रिंग बैठकीतून सरकली आणि गाडी थेट गटारात! मित्राचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, त्याची परीक्षा बुडाली आणि ड्रॉइंगला केटी लागली. ग्राइंडर माझ्या हातात होता, हे इथे लिहून ठेवतो.

थर्ड इयरला सेमिनारचा विषय निवडताना सर म्हणाले, "जे चुकीचं केलंस, तेच आता बरोबर कसं करतात ते शिकून ये." म्हणून मी विषय घेतला : जुना पिकअप ट्रक एअर सस्पेन्शनवर खाली आणणे.

हा प्रकार आला कुठून?

गाडी जमिनीलगत आणायची हौस मुख्यतः कॅलिफोर्नियाची, त्यातही तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांची. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पोरं स्वस्तातल्या जुन्या गाड्या घेत, डिकीत वाळूची पोती टाकत किंवा आमच्यासारख्याच स्प्रिंगा कापत आणि लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलेव्हार्डवरून हळूहळू मिरवत. १९५८ पासून तिथे कायदा आला : चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नको. त्यावर १९५९ च्या सुमारास रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानाचे हायड्रॉलिक भाग बसवले. बटण दाबलं की गाडी वर, पोलीस गेले की खाली!

हा कायदा आपल्यालाच त्रास द्यायला वापरला जातो, अशी तिथल्या समाजाची तक्रार अनेक वर्षं होती. शेवटी १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने तो रद्द केला. पण त्यातली रिमची अट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

हायड्रॉलिकमध्ये तेल असतं आणि ते जवळजवळ दबत नाही, म्हणून गाडी उचलली जाते, पण प्रवास कडक होतो. एअर सस्पेन्शनमध्ये हवा स्वतःच स्प्रिंग असते. ही कल्पना नवी नाही. फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकातच त्यावर काम केलं होतं, आणि १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअमला ती कंपनीतूनच बसवून येत असे. आपणही ती अनुभवली आहे. दादर-पुणे शिवनेरीत झोप लागते, त्याचं बरंचसं श्रेय सीटखालच्या एअर बेलोंना आहे.

ट्रक कोणता?

मी निवडला १९६७ ते १९७२ या काळातला शेव्हर्ले सी-१०. कारण त्याची रचना शिकायला सोपी आहे. शिडीसारखी चासी, पुढे वर-खाली दोन कंट्रोल आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. मागे चासीच्या मधल्या भागापासून ॲक्सलपर्यंत जाणारे दोन लांब आर्म, त्यांच्यावर कॉइल स्प्रिंग आणि ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा. त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात.

पायरी पहिली : चासी

आधी मागचा हौदा उतरवायचा, गंज घासायचा आणि चासीचे कर्ण टेपने मोजायचे. दोन कर्ण सारखे नसतील तर चासी वाकलेली आहे. अशा चासीवर पुढचं सगळं काम वाया जाईल.

पायरी दुसरी : पुढचा भाग

इथे 'ड्रॉप स्पिंडल' वापरतात. यात चाकाचा खुंटा मूळ जागेपेक्षा साधारण अडीच इंच वर असतो. त्यामुळे कंट्रोल आर्मचे कोन न बिघडवता गाडी तेवढी खाली येते. मग स्प्रिंग काढून तिच्या जागी वर-खाली ब्रॅकेट लावून एअर बॅग बसवतात. (अपघातात फुगणारी एअरबॅग वेगळी, हा रबरी बेलो आहे.)

पायरी तिसरी : मागचा भाग

गाडी खाली आली म्हणजे चासीच्या हिशेबाने ॲक्सल वर गेला. तो चासीला आपटू नये म्हणून ॲक्सलच्या वरच्या जागी चासीत इंग्रजी 'सी'सारखी खाच कापतात. इथे आपला सेकंड इयरचा विषय आठवा : ताण म्हणजे बेंडिंग मोमेंट भागिले सेक्शन मोड्युलस. साध्या आयताकृती पट्टीची उंची निम्मी केली तर सेक्शन मोड्युलस एक चतुर्थांश उरतो. म्हणजे खाच कापून तशीच सोडली, तर ताण चौपट! म्हणून खाचेला जाड पोलादी पट्टीची कड वेल्ड करतात, बाजूने प्लेट लावतात, आणि मगच वजन टाकतात.

पॅनहार्ड रॉडचंही गणित आहे. तो एका टोकाभोवती वर्तुळात फिरतो. ६० सेंमीचा रॉड आडवा असताना ॲक्सल १५ सेंमी वर गेला, तर तो बाजूला सुमारे १९ मिमी सरकतो आणि टायर मडगार्डला घासतो. रॉड १ मीटरचा केला तर सरकणं ११ मिमीवर येतं. म्हणून रॉड शक्य तितका लांब घ्यायचा आणि गाडी चालवायच्या उंचीला तो आडवा राहील असा बसवायचा.

पायरी चौथी : हवा

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, सुमारे १९ लिटरची टाकी, साधारण १५० पीएसआयला कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच आणि चार चाकांना स्वतंत्र व्हॉल्व्ह. स्वतंत्र का? डावी-उजवी बॅग एकाच नळीवर जोडली तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी जास्तच कलंडते. टाकीत पाणी साचतं, ते नियमित काढायचं.

आता आकडे. पुढच्या एका चाकावर ४०० किलो वजन धरा. बॅग आर्मच्या मध्ये असल्यामुळे चाक १ सेंमी हललं की बॅग ०.६ सेंमी दबते. म्हणून बॅगवरचं बल ४०० × ९.८१ ÷ ०.६, म्हणजे सुमारे ६५४० न्यूटन. बॅगचं परिणामकारक क्षेत्रफळ १७७ चौ. सेंमी असेल, तर दाब सुमारे ३.७ बार, म्हणजे ५४ पीएसआय लागेल.

इथे मी स्वतः फसलो होतो. मला वाटायचं, गाडी खाली म्हणजे दाब कमी. क्षेत्रफळ साधारण तेच राहिलं तर हे चूक आहे! वजन तेच, म्हणून दाबही जवळपास तोच. बदलतं ते हवेचं आकारमान. बॅगची उंची १४ सेंमी असेल तर वरच्या आकड्यांनी गाडीची नैसर्गिक वारंवारता सुमारे १.४ हर्ट्झ येते, म्हणजे आरामदायी. तीच बॅग ७ सेंमीवर आणली की हवा निम्मी, ताठरता दुप्पट आणि वारंवारता १.९ हर्ट्झच्या वर. म्हणून असे ट्रक उभे असतानाच जमिनीला टेकवतात, चालवताना उचलतात.

आमची कापलेली स्प्रिंगही अशीच कडक झाली होती. आठ वेढ्यांचे साडेसहा केले की ताठरता सुमारे २३ टक्के वाढते. वर पुन्हा लांबी कमी, म्हणून ती बैठकीत धरून राहत नाही. म्हणजे आम्ही एकाच कापात दोन चुका केल्या.

आणि सरांचा प्रश्न

पहिल्या सेमिनारला हे सगळं मी धडाधड सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "नळी फुटली आणि हवा गेली तर काय?" मी गप्प. मागच्या बाकावर ड्रॉइंगची केटी लागलेला मित्र बसला होता, त्याच्याकडे बघवेना.

उत्तर शोधायला तीन आठवडे लागले. पहिलं, हवा गेली की वजन बॅगवर किंवा टायरवर नव्हे, रबरी बंप स्टॉपवर यायला हवं, आणि त्या उंचीलाही स्टिअरिंग फिरायला हवं. त्यासाठी बॅगा बसवायच्या आधी हवेविना ट्रक पूर्ण खाली ठेवून चाकं दोन्हीकडे वळवून बघायची. दुसरं, बॅग कशालाही घासता कामा नये. तिसरं, शॉक ॲब्सॉर्बर हवेच, कारण हवा स्वतः उसळी फारशी शमवत नाही. चौथं, तीच रिमची अट : बॅगांत हवा नसताना टायरही बसला, तरी चासीचा किंवा सस्पेन्शनचा कोणताही भाग रिमच्या खाली नको. नाहीतर स्टिअरिंगचा दांडाच रस्त्यावर घासायचा. तो कायदा ज्यांच्यावर चालवला गेला त्यांच्यावर अन्याय झाला असेल, पण गाडी बांधताना ही रेघ आजही स्वतःहून आखून घेण्यासारखी आहे.

दुसऱ्या सेमिनारला मी हवा गेल्यापासूनच सुरुवात केली. सगळ्या आकृत्या त्याच मित्राने काढून दिल्या, प्लास्टर निघालेल्या हाताने. सर म्हणाले, "आता कळलं. बसा." एवढंच, पण आमच्या सरांकडून एवढं म्हणजे खूप.

जाता जाता हॉस्टेलमधल्या ज्युनिअर्सना : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलंय. तेव्हा गाडी कागदावर हवी तेवढी खाली आणा. हिशेब करा, आकृत्या काढा, शंका असेल तर माझ्या खोलीवर या. ग्राइंडर तेवढा वर्कशॉपच्या मामांकडेच राहू द्या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी