मनाचा आजार आणि वनौषधी : पारख हवी

तथागतांच्या काळातील विख्यात वैद्य जीवक तक्षशिलेस सात वर्षे शिकला. शेवटी आचार्यांनी त्याला एक योजन परिसरात फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला. विनयपिटकातील ही कथा आपल्या विहारांतून अनेकदा सांगितली जाते. परंतु प्रत्येक झाडपाला औषध आहे, म्हणून कोणीही कोणताही झाडपाला घ्यावा, असा तिचा अर्थ आम्ही घेत नाही. ती पारख यायला जीवकालाही सात वर्षे लागली, हा तिचा खरा बोध होय. नैराश्याच्या आजाराबाबत तो विशेष लागू पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आजार ओळखावा

घरात मृत्यू झाला, परीक्षेत अपयश आले, तर मन खिन्न होणारच. परंतु दोन आठवडे वा अधिक काळ बहुतेक दिवसभर उदास वाटणे, कशातच रस न राहणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे ही आजाराची लक्षणे होत. हा आळस नव्हे, मागील जन्माचे पाप नव्हे आणि 'बाहेरची बाधा' तर नव्हेच. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्या घरांतून तरी उतारे-गंडे कायमचे हद्दपार व्हावेत. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय किंवा बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून प्रथम तपासणी, मग उपाय.

वनौषधींची पारख

सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती युरोपात या आजारावर वापरली जाते. 2008 साली 29 चाचण्यांतील 5,489 रुग्णांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. सौम्य व मध्यम नैराश्यात तिचा उपयोग होतो, असे त्यातून दिसले. परंतु ही वनस्पती यकृतात इतर औषधांचे विघटन वेगाने घडवते. त्यामुळे संततिनियमनाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉरफरिन व एचआयव्हीवरील काही औषधे निष्प्रभ होऊ शकतात. नैराश्याच्या गोळ्यांसोबत ती घेतल्यास जिवालाही धोका संभवतो.

केशराच्या चाचण्या मुख्यतः इराणमध्ये झाल्या. रोज 30 मिलिग्रॅम केशराने लाभ दिसला; पण चाचण्या लहान व अल्पकाळाच्या होत्या. अश्वगंधेचा अभ्यास ताण व झोपेबाबत अधिक झाला आहे, नैराश्याबाबत पुरावा तोकडा आहे. तिच्यामुळे यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गर्भवती भगिनींनी ती टाळावी. थायरॉईडच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सर्पगंधेचा इतिहास तर डोळे उघडणारा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली रक्तदाबावरील तिचा गुण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. 1952 साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. या संबंधाविषयी आज तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरी 'झाडपाल्याचा अपाय नसतो' हे म्हणणे खरे नाही, एवढे यातून निश्चित कळते.

आमच्या परिचयातील एका भगिनीने बरे वाटू लागताच डॉक्टरांच्या गोळ्या एकदम बंद केल्या आणि कोणीतरी दिलेले चूर्ण सुरू केले. काही आठवड्यांत आजार दुप्पट जोराने उलटला. चूर्णात काय होते, हे देणाऱ्यालाही सांगता आले नाही. म्हणून आमचे सांगणे असे, की चालू औषध स्वतःहून बंद करू नये आणि काढा वा चूर्ण घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये.

निसर्गाचे बिनखर्चाचे उपाय

1999 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने 156 वयस्कर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून तीनदा व्यायाम करणाऱ्यांना 16 आठवड्यांअखेर गोळ्या घेणाऱ्यांइतकाच लाभ झाला; गोळ्यांचा गुण मात्र लवकर आला. सकाळी झपाझप चालावे, ठरलेल्या वेळी झोपावे व उठावे, माणसांत मिसळावे. मद्याने नैराश्य वाढते. पाचव्या शीलाचे मोल येथे नव्याने कळते.

ध्यानाचाही आधार आहे. तीन वा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांत, सजगतेवर आधारित उपचाराने आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण घटते, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. परंतु आजार तीव्र असताना दहा दिवसांच्या मौन शिबिरास एकदम बसू नये. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपले कर्तव्य

अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः स्नान घातले आणि संघाला परस्परांच्या शुश्रूषेचा उपदेश केला. शरीराच्या रुग्णाला दिलेला हा न्याय मनाच्या रुग्णालाही लागू आहे. मरणाची भाषा करणाऱ्यास एकटे सोडू नये. काढ्यात दिवस न घालवता त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही मोफत सेवा 2022 सालापासून 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक उपासक-उपासिकेने व विद्यार्थ्याने लिहून ठेवावा आणि वंदनेला येणे ज्याने अचानक थांबवले असेल, त्याच्या घरी याच आठवड्यात जाऊन यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!